जोगळेकर हरवले नव्हते

बातमी आली तेव्हा मी मस्कतला, मत्रहच्या बाजारातल्या माझ्या दुकानात होतो. दुकान आता मुलगे पाहतात. मी फक्त सकाळी जाऊन मागच्या खुर्चीवर बसतो. फोनवर जोगळेकरांचा मुलगा निखिल होता. "काझीअंकल, बाबा गेले. पहाटे, झोपेतच." त्याच्याकडे मागे कुठेतरी नळ वाहत असल्याचा आवाज येत होता. जोगळेकर असते तर म्हणाले असते, आधी तो नळ बंद करा, मग बोलू.

पुढे एका शुक्रवारी मस्कतमधल्याच दार्सैतला शोकसभा झाली. तिथे एका वक्त्याने गहिवरून सांगितले की शेवटची काही वर्षे जोगळेकरांचे भान सुटले होते. मुलीकडे ओस्लोला गेले असता ते पावसात दिवसभर हरवले आणि अखेर पोलिसांनी त्यांना घरी आणून सोडले. सभा हळहळली. मी उभा राहिलो. शेजारच्या गृहस्थांनी माझी बाही धरली, "काझीसाहेब, आज वाद नको." मी बसलो, कारण माझे गुडघे आता माझ्याइतके भांडखोर उरलेले नाहीत. परंतु मी बसलो म्हणून ती हकिकत खरी ठरत नाही. त्या दिवशी ओस्लोत जोगळेकरांबरोबर मी होतो, तो वक्ता नव्हता.

माधव जोगळेकर पुण्याचे, मी रत्नागिरीचा. मस्कतच्या एका सल्लागार कंपनीत ते पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचे अभियंते होते आणि त्यांच्या कामांना लागणारे पाइप माझ्या दुकानातून जात. पहिल्याच भेटीत त्यांनी माझा माल परत केला, आम्ही तासभर भांडलो आणि मग त्यांनी माझाच चहा मागवून घेतला. पेल्यात उरलेला घोट त्यांनी पायरीवर ओतला आणि वाकून पाहत राहिले. "काय पाहता?" मी विचारले. "तुमचा उतार. पाऊस आला तर पाणी गल्लीत जाणार नाही, थेट तुमच्या गल्ल्याकडे येईल." "इथे पाऊस येतो कुठे, साहेब?" "म्हणून तर कोणी बघत नाही." मी त्याच आठवड्यात उंबरठा वाढवून घेतला, त्यांना मात्र सांगितले की अभियंत्यांना ठेच लागावी म्हणून वाढवला आहे. पुढे आयुष्यभर ते जिथे गेले तिथे उरलेले पाणी जमिनीवर ओतून ते कुठे जाते हे पाहत राहिले... लग्नघरात, विमानतळाबाहेर, माझ्या मुलाच्या नव्या घराच्या अंगणात. ही त्यांची सवय होती. हा म्हातारपणाचा चळ नव्हता, हे मी पस्तीस वर्षांच्या ओळखीवरून सांगतो.

मस्कतमध्ये पाऊस वर्षातून मोजकेच दिवस येतो. आला की कचेऱ्या ओस पडतात, माणसे चहाचा थर्मास घेऊन गाडीतून वादी, म्हणजे एरवी कोरडे असणारे ओढे, पाहायला निघतात. डोंगरातून कोरड्या पात्रात पाणी उतरताना पाहणे हा इथला सण आहे. छत्री कोणाच्या घरी नसते. दोन हजार पंधरा साली जोगळेकरांच्या पत्नीच्या निधनानंतर त्यांची मुलगी अदिती हिने त्यांना ओस्लोला बोलावले आणि सोबतीला मी गेलो. तिथे एका सकाळी आम्ही उठलो तर पाऊस पडत होता. अदिती कामावर जाताना म्हणाली, "आज घरीच थांबा हं, पाऊस आहे." तिला वाटले तिने मनाई केली. आम्ही ऐकले ते एवढेच की पाऊस आहे. दोघांनीही बूट चढवले. फोन भिजू नयेत म्हणून टेबलावर ठेवले. दोघा वृद्धांनी केलेली चूक म्हणायची तर ती एवढीच, आणि ती मस्कतने शिकवलेली होती.

अदितीचे घर चढावर होते. जोगळेकरांनी रस्त्याकडेच्या दगडी पन्हळीत वाहणारे पाणी पाहिले आणि म्हणाले, "यल्ला, चला काझी. हे कुठे जातं बघू." आम्ही त्या पाण्याबरोबर चालू लागलो. एका कब्रस्तानाच्या भिंतीलगत, ट्रामचे रूळ ओलांडून, उतरत्या गल्ल्यांतून. प्रत्येक जाळीशी ते थांबत. पाणी आत उतरे, आम्ही पुढची जाळी शोधत असू. लोक अंगावर पाऊस घेत आपापल्या कामाला चालले होते, वर कोणी पाहतही नव्हते. माझी टोपी ठिबकत होती. "आपलं वय काय, चाललंय काय," मी म्हणालो. "तुम्ही परत जा," ते म्हणाले, "पाइप विकणाऱ्याला पाणी बघायची गरज नसते." अर्थात मी परत गेलो नाही.

दुपारनंतर आम्ही किनाऱ्याला पोचलो. तिथल्या पांढऱ्या दगडी ऑपेरागृहाचे छप्पर थेट समुद्रात उतरते आणि लोक त्यावरून चालतात. पाऊस त्या दगडावरून एका पातळ पडद्यासारखा खाली जात होता. जोगळेकर तिथेच ओल्यात बसले. मग म्हणाले, "मस्कतच्या त्या चक्रीवादळाच्या वर्षी मी काढलेल्या रस्त्याखालच्या मोरीत पाणी तुंबलं आणि रस्त्यावरच्या गाड्या वाहून गेल्या. मी हिशेबात चुकलो नव्हतो, काझी. मी पाणी कधी पुरतं पाहिलंच नव्हतं. वर्षातले दोन दिवस पाहून आयुष्यभर गटारं काढली... आज पहिल्यांदा सकाळपासून शेवटपर्यंत पाहिलं. खलास. आता दमलो." मीही दमलो होतो. मी म्हणालो, "आता घर कसं सापडायचं?" ते हसले. "पाणी जिकडून आलं तिकडे चालायचं. घर वरच आहे." आणि त्याच पन्हळी उलट्या धरून, एकही वळण न चुकता, त्यांनी मला दारापर्यंत आणले. पोलीस होते, हे खरे. पण ते अदितीने घाबरून बोलावले होते आणि आम्ही पोचलो तेव्हा तिच्याच स्वयंपाकघरात कॉफी पीत होते.

त्या रात्री जोगळेकरांना ताप आला आणि तेवढ्यावर सारे ठरले. मस्कतला परतल्यावर निखिलने त्यांना तिथल्याच अल हैल भागात आपल्या घरी नेले, बूट माळ्यावर गेले, एकट्याने बाहेर पडणे बंद झाले. व्हरांड्यात पाणी ओतले की सून हळूच फडके घेऊन येई. मुलांनी हे काळजीपोटी केले, हे मी मान्य करतो. जोगळेकरांचे भान सुटले होते, हे मान्य करत नाही. मी निखिलशी दोनदा भांडलो. नंतर जोगळेकरच म्हणाले, "सोडा हो, पोरगं दमतं कामावरून." ते दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात, पंख्यापासून दूर, वेताची खुर्ची टाकून बसत. सगळ्यांना वाटे, रुसून बसले आहेत.

गेल्या आठवड्यात मस्कतला पाऊस आला. संध्याकाळी निखिलचा फोन आला, "अंकल, जरा येता?" मी टॅक्सीने गेलो. व्हरांड्यातले पाणी अंगणात न जाता दारातून आत आले होते. गालिचा गुंडाळून सोफ्यावर ठेवला होता, निखिल पँट दुमडून वायपरने पाणी ढकलत होता, आणि पाणी पुन्हा आत येत होते. कोपऱ्यातल्या खुर्चीखालच्या लाद्या तेवढ्या कोरड्या होत्या.

"मी त्यांना विचारलं होतं," निखिल म्हणाला. "बाबा, इथे एसीची हवा लागत नाही, इकडे बसा. तर म्हणाले, इथे पाणी येत नाही. मी डॉक्टरांना सांगितलं ते, अंकल... की असं काहीतरी बोलतात."

भांडायला मी घरून मुद्दे घेऊन निघालो होतो. त्यातला एकही काढावासा वाटला नाही. त्याने वायपर भिंतीला टेकवला आणि खुर्ची पुसायला गेला. ती ओली नव्हती. "बसा," तो म्हणाला.

मी बसलो. पाणी समोरून येऊन वळून गेले. माझे पाय कोरडे राहिले.