दोन बटणांचा यंत्रमानव

मेश्रामभाऊ गेल्याचा निरोप त्यांच्या कारखान्यातला माणूस सकाळीच घेऊन आला, आणि मी माझ्या मुलीला, शुभाला, घेऊन तशीच चिनहटला त्यांच्या घरी निघाले... त्याला आता सहा आठवडे झाले. पण भाऊंविषयी लिहायला बसलं की रडू येत नाही, उत्साहच येतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी इथे उत्तरेत, निशातगंजमध्ये, ते आमच्या खाली राहायचे. भाऊ इलेक्ट्रिशियन, मूळचे भंडाऱ्याचे. माझी शुभा तेव्हा सहा वर्षांची. बोलायची नाही, कुणाच्या तोंडाकडे बघायची नाही. याला स्वमग्नता म्हणतात हे फार पुढे कळलं. डॉक्टरांनी मंदबुद्धी म्हणून हात झटकले होते, नातेवाईक तिला कुठेतरी ठेवा म्हणत होते. भाऊंनी मात्र हेरलं की मान फिरवणारा टेबलफॅन ती तासन्‌तास बघते. माणसं दर वेळी वेगळी वागतात, यंत्र तसं करत नाही, म्हणून तिला ते आवडत असेल, असं त्यांचं म्हणणं.

महिनाभर रविवारी खपून त्यांनी पत्र्याचा यंत्रमानव केला. वायरीला जोडलेलं बटण दाबलं की तो पुढे यायचा, मान वळवायचा, डोळ्यांतले बल्ब लागायचे. शुभा दिवसभर त्याच्याशीच! मी खूश, भाऊ नाहीत. ती यंत्राशी खेळते, आपल्याशी कुठे, असं म्हणून त्यांनी दुसरं बटण बसवलं, तिचा हात पोचणार नाही इतकं लांब. दोन्ही एकदम दाबली तरच यंत्र चालायचं.

शुभा किंचाळली, डोकं आपटू लागली. मी पहिल्यासारखं करून द्या म्हणून विनवलं.

"एकच दिवस थांबा न, ताई," भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने माझा कणकेचा हात ओढत नेऊन बटणावर ठेवला, स्वतः दुसऱ्यापाशी गेली आणि मी तयार आहे का, हे बघायला... तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा! बल्ब लागले. मी जिन्यातून ओरडत सुटले. भाऊ दोन-दोन पायऱ्या चढत आले, तर तिने त्यांचाही हात धरला. संध्याकाळपर्यंत अख्खी बिल्डिंग आळीपाळीने बटण दाबत होती. महिन्याभरात तिचा पहिला शब्द आला, "चलो."

त्या सकाळी चिनहटला भाऊंच्या घरी वहिनी पदरात तोंड खुपसून बसल्या होत्या, भोवती बायका. शुभा सरळ त्यांच्यासमोर जाऊन वाकली, चेहरा नीट पाहिला.

"चाची, रो रही हो?"

वहिनींनी हो म्हणून मान हलवली. शुभाने थोडा विचार केला.

"मैं भी बैठूँगी," म्हणाली, आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून संध्याकाळपर्यंत बसून राहिली.