खाणीतलं तरस

निवृत्त झाल्यावर माझ्या नवऱ्याने सर्वांत आधी काय केलं असेल, तर धायरीमागची टेकडी पालथी घातली. त्यांचा जन्म चंद्रपूरकडचा, मागचं दार उघडलं की जंगल सुरू होतं अशा गावातला. पाटबंधारे खात्याच्या नोकरीने त्यांना पुण्यात आणलं आणि मग इथंच ठेवलं. पुण्याविषयी त्यांची एकच तक्रार होती : इथं झाडं आहेत, जंगल नाही. मी जन्माने पुण्याची, त्यामुळे मला ते लागायचं. "मग जा की परत," मी म्हणायचे. ते नुसते हसायचे.

एका सकाळी ते टेकडीवरून आले आणि रुमालात बांधून आणलेलं काहीतरी त्यांनी बाल्कनीच्या कठड्यावर ठेवलं. पांढरे, चुन्याच्या खड्यांसारखे गोळे होते.

"हे काय आणलंत?"

"विष्ठा."

"कुणाची?"

"तेच कळत नाहीये. लांडग्याची असेल बहुतेक."

मी तो रुमाल धुतला नाही, फेकून दिला. पण दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याबरोबर गेले, कारण मुलगी लग्न होऊन परगावी गेली होती, शाळेतली माझी नोकरीही संपली होती, आणि एवढ्या वर्षांत हा माणूस प्रथमच कशासाठी तरी उतावीळ झालेला मी पाहत होते.

टेकडीच्या पलीकडच्या अंगाला एक जुनी दगडाची खाण आहे. फार वर्षांपूर्वी बंद पडलेली. तळाशी हिरवट पाण्याचं डबकं, भोवती घाणेरीची झुडपं, आणि एका बाजूच्या कातळात खोल गेलेली कपार. आम्ही वरच्या काठावर एका दगडाआड बसलो. थंडीचे दिवस होते, नुकतं उजाडत होतं. खाली काहीतरी हललं.

मला आधी कुत्रं वाटलं. पण पुढचे पाय उंच, मागचे आखूड, पाठ उतरत्या छपरासारखी, अंगावर काळे पट्टे आणि मानेवर विस्कटलेली आयाळ. चालणंही लंगडल्यासारखं. देवाने बाकीचे प्राणी करून झाल्यावर उरल्यासुरल्या सामानातून हा केला असावा, असं मला वाटलं. ह्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

"तरस," ते कुजबुजले. "लहानपणी एकदाच पाहिलं होतं. मेलेलं."

तेवढ्यात कपारीतून एक पिल्लू बाहेर आलं. मांजराएवढं, मोठ्या कानांचं. मादी थांबली, पिल्लू तिच्या पायांत घुटमळलं, आणि तिने मान खाली घालून त्याला हुंगलं. नंतर दोघंही आत गेली. सगळं मिळून फार वेळ चाललं नसेल. मला ते जनावर कुरूप वाटलं होतं आणि तरी पुन्हा बघावंसं वाटत होतं.

त्यानंतर आम्ही बरेचदा गेलो. लग्नानंतर आम्ही कधी एकत्र सिनेमाला नियमाने गेलो नाही, पण त्या हिवाळ्यात पहाटे उठून, स्वेटर चढवून, खाणीच्या काठावर न बोलता बसायचो. कधी मादी दिसायची, कधी नुसते उमटलेले पंजे. टेकडीच्या पायथ्याशी एका आजीबाईंचा म्हशींचा गोठा होता. एकदा त्यांनीच आम्हाला हटकलं.

"रोज कुटं जाता वो?"

ह्यांनी भीतभीतच विचारलं, "मावशी, खाणीत काही आहे का?"

"हाय की. माज्या सासऱ्याच्या येळंपास्नं हाय. रेडकू मेलं की आमी तितंच टाकतो. सकाळच्याला हाडूक बी ऱ्हात न्हाय." मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "पर त्येचं नाव घेऊ नगा. वंगाळ असतंय. आन् कुनाला सांगू बी नगा."

अपशकुनाचं आम्ही मनावर घेतलं नाही. न सांगण्याचं मात्र मला पटलं होतं.

पण संक्रांतीच्या सुमारास खाणीवर डंपर यायला लागले. आसपास नव्या इमारती उठत होत्या, जुनी घरं पडत होती, आणि तो सगळा राडारोडा टाकायला बंद पडलेली खाण आयतीच होती. आम्ही जायचो तेव्हा प्रत्येक वेळी ढीग थोडा पुढे सरकलेला असायचा. फुटक्या फरशा, संडासाची भांडी, सिमेंटचे गोळे. कपारीच्या बाजूला तो अजून पोचला नव्हता, एवढंच. ह्यांनी दोन-तीन ठिकाणी तक्रार केली. कुणी म्हणालं ही जमीन आमच्याकडे येत नाही, कुणी म्हणालं तुमची हरकत नेमकी काय आहे.

घरी आमचा वाद सुरू झाला.

"आता सांगावं लागेल," ते म्हणाले.

"सांगितलंत तर लोक येतील."

"आणि नाही सांगितलं तर ती कपारीत गाडली जाईल. पिल्लासकट."

"लोकांना ओळखत नाही का तुम्ही?"

"ओळखतो. डंपरवाल्यालाही ओळखतो."

मी पुष्कळदा तो वाद मनात पुन्हा घालून पाहिला आहे, दोन्ही बाजूंनी. कुठल्याही बाजूने घातला तरी शेवट तोच येतो.

ते वन खात्यात गेले. तिथल्या एका तरुण अधिकारी मुलीने त्यांचं ऐकून घेतलं, एवढंच नाही तर दुसऱ्याच दिवशी ती स्कूटरवरून येऊन टेकडी चढली. आल्या आल्या पंजे पाहिले, वाकून फोटो काढले. "काका, पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो. तरसच आहे," म्हणाली. कपारीसमोर तिने कॅमेरा लावला. काही दिवसांनी आमच्या घरी चहा पिताना तिने ते फोटो लॅपटॉपवर दाखवले. मादी, पिल्लू, मादीच्या तोंडात कसलंसं हाड. तिचा चेहरा इतका उजळला होता की मला माझ्या मुलीची आठवण आली.

"आता हे वरती पाठवते," ती म्हणाली. "पण काका, खरं सांगू? नुसत्या माझ्या अहवालाने डंपर थांबणार नाहीत. स्थानिक लोकांची मागणी आली तर फाइल लवकर हलेल. फक्त जागा नेमकी कुठली, ते सांगू नका."

त्याप्रमाणे सोसायटीच्या हॉलमध्ये एका रविवारी सभा झाली. ह्यांनी आयुष्यात कधी भाषण केलेलं नव्हतं. पण बोलले चांगलं. तरस माणसावर हल्ला करत नाही, ते मेलेली जनावरं खाऊन परिसर साफ ठेवतं, असं सगळं समजावून सांगितलं. जागा सांगितली नाही. शेवटी पडद्यावर मादीचा फोटो दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, निवेदनावर सह्या केल्या, आणि मोबाइल वर करून पडद्याचे फोटो काढले.

त्या फोटोत मादीच्या मागे, खाणीच्या काठावर, मोबाइलचा टॉवर दिसत होता. धायरीतल्या कुणालाही तो ओळखू आला असता. आमच्या दोघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं, त्या मुलीच्याही नाही.

संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळीकडे गेला. कुठे 'धायरीत दुर्मिळ पाहुणा' म्हणून, तर कुठे 'लहान मुलांना बाहेर सोडू नका' म्हणून. पुढच्या आठवड्यात खाणीच्या काठावर जत्रा भरली. खराडीहून, हडपसरहून लोक गाड्या घेऊन आले. एक मुलगा मला म्हणाला, "अंकलना सांगा ना आंटी, फक्त एक रील करायचीय." एका गृहस्थांनी ह्यांना अगदी सभ्यपणे विचारलं, "अहो, ते बाहेर यायचं टायमिंग काय आहे?" कुणीतरी ड्रोन उडवला. कुणीतरी कपारीत फटाके फेकले. त्या मुलीने पहाऱ्याला माणसं बसवली, पण टेकडीला वाटा अनेक आणि माणसं दोन. हे रोज तिथं जाऊन लोकांना हात जोडत होते. "कृपा करून परत जा. तिला पिल्लू आहे." पिल्लू आहे म्हटल्यावर लोक आणखी पुढे सरकायचे.

नंतर एका सकाळी त्या मुलीचा फोन आला. बाह्यवळण महामार्गाच्या सेवा रस्त्यावर या, म्हणाली. एवढंच.

रस्त्याच्या कडेला ताडपत्रीने काहीतरी झाकलेलं होतं. गाड्या जात होत्या, काही वेग कमी करून बघत होत्या. ताडपत्रीचं टोक तिने उचललं. गाडीने उडवलेल्या मादीच्या वरच्या अंगाला काही फारसं लागलेलं दिसत नव्हतं. आयाळीत धूळ होती. ह्यांनी उकिडवं बसून तिच्या मानेवर हात ठेवला, आणि तो तसाच ठेवून बसून राहिले.

"दुधावर होती," ती मुलगी म्हणाली. ती पाठ फिरवून जीपकडे गेली.

पिल्लाचा शोध पुष्कळ घेतला. कपारीत कॅमेरा घातला, घाणेरीची जाळी तपासली, ओढ्याच्या कडेने लोक फिरले. गोठ्यातल्या आजीबाईंनी कपारीच्या तोंडाशी मांसाचे तुकडे ठेवले. ते कुत्र्यांनी खाल्ले. पिल्लू मेलेलंही सापडलं नाही. हे त्या दिवसांत जेवायला बसायचे आणि भाताचे ढीग करत राहायचे. मी एकदा म्हटलं, "तुम्ही नसतं सांगितलं तर डंपरने..." त्यांनी हात वर करून मला थांबवलं. माझ्याच तोंडून त्यांचा मुद्दा ऐकणं त्यांना सोसवत नव्हतं.

ती मादी मेल्यावर मात्र सगळं झालं. वर्तमानपत्रात आलं, निवेदनं गेली, शाळेच्या मुलांनी पोस्टर रंगवली. डंपर खरोखरच थांबले. जमीन राखून ठेवली गेली. भोवती कुंपण आलं आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तिथं निसर्ग उद्यान तयार झालं. खाणीच्या काठाने फरसबंदी वाट, बसायला बाकं, डबक्याचं तळं, तळ्याला कठडा, वाटेच्या दोन्ही बाजूंना दिवे. घाणेरी काढून शोभेची रोपं लावली. मोर दिसतात, मुंगूस दिसतं. लोक सकाळी फिरायला येतात, मुलं पळतात. वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आमच्यासमोरच्या मोकळ्या जागेवर कशा इमारती उठल्या ते मी रोज बाल्कनीतून बघते. त्यापेक्षा हे हजार पटींनी बरं.

उद्घाटनाला ह्यांचा सत्कार ठेवला होता. "जाऊ नका," मी म्हटलं.

"ती मुलगी येणार आहे. तिच्यासाठी जातो."

आम्ही गेलो. फाटकातून आत गेल्यावर समोरच तरसाचा पुतळा होता, फायबरचा, दात विचकलेला. अंगावर पट्ट्यांऐवजी ठिपके होते. दूर आफ्रिकेत असतं तसलं तरस कुणीतरी चित्रातून बघून केलं होतं. ह्यांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि माइकसमोर उभे राहून एकच विनंती केली, "संध्याकाळनंतर दिवे बंद ठेवा. दुसरं एखादं आलंच, तर त्याला अंधार लागेल."

खुर्चीवरचे एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, अगदी ऐकू जाईल असं, "मग तरसालाच सांगा की अर्ज करायला."

लोक हसले. हे खाली आले आणि माझ्या शेजारी बसले. ती मुलगी मागच्या रांगेत होती. ती हसली नव्हती.

दिव्यांसाठी ती पुढेही भांडली, पत्रं लिहिली. शेवटी कपारीच्या बाजूचे दिवे उतरवले गेले, कारण तिथं फिरायला कुणी जात नव्हतं. काही महिन्यांनी तिची बदली झाली. जायच्या आधी भेटायला आली तेव्हा ह्यांच्या पाया पडली, आणि ते इतके गोंधळले की आशीर्वादही द्यायचे राहिले.

आता हे टेकडीवर जात नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण मंडईत ते चालत जातात. गोठ्यातल्या आजीबाईंनी म्हशी विकल्या. मुलाने गोठ्याच्या जागेवर दुकानाचे गाळे काढले. मी अधूनमधून उद्यानात जाते. कपारीकडे जाऊन उभी राहते, तिथल्या मऊ मातीत पंजे शोधते. कुत्र्यांचे असतात.

मागच्या महिन्यात त्या मुलीचा फोन आला. ह्यांना हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन स्पीकरवर टाकून बोलतात, आणि तो स्पीकरवर आहे हे विसरतात. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते.

"काका, आमच्या कॅमेऱ्यात एक आलंय," ती म्हणत होती. "मादी आहे. दोन पिल्लं. तुम्हाला सांगावंसं वाटलं. जागा सांगू? तुम्ही काय, कुणाला..."

"नको," हे म्हणाले. "मला सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस."

तिकडून फक्त वाऱ्याचा आवाज येत होता. ती कुठल्यातरी माळावर उभी असावी.

"पिल्लं धडधाकट आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"आहेत काका."

फोन ठेवून ते आत आले. मी घड्या घालतच होते.

"कुणाचा होता?"

"त्या मुलीचा. बदलीच्या ठिकाणी बरी आहे, म्हणाली."

"आणखी काही?"

"नाही, सहज केला होता."

त्यांनी माझ्या हातातली चादर घेतली, तिची दोन टोकं धरली, आणि आम्ही दोघांनी मिळून तिची घडी घातली.