सासऱ्यांच्या नावाची गोळी

रिपोर्ट ह्यांचा होता. डॉक्टरबाईंनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "ऑलिगोस्पर्मिया." आमचे कोरे चेहरे बघून मग त्यांनी समजावून सांगितलं. पुरुषाच्या वीर्यात जेवढे शुक्राणू असायला हवेत, त्याहून बरेच कमी आहेत, आणि जे आहेत तेही सुस्त आहेत.

"म्हणजे हिच्यात काही नाही?" ह्यांनी विचारलं.

"ह्यांच्यात कधीच काही नव्हतं," बाई माझ्याकडे हात करून म्हणाल्या.

मला तिथेच रडू फुटलं. लग्नाला चार वर्षं होत आली होती आणि हे वाक्य मला पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं. बाईंनी मला पाण्याचा ग्लास दिला आणि ह्यांना विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत? बीपी, ॲसिडिटी, काहीही?"

"छे हो मॅडम. मी डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही."

मीही मान डोलावली. माझ्या माहितीप्रमाणे ते खरंच होतं.

ज्यांच्या घरी पाळणा हलत नाही आणि ज्यांच्याकडे सगळे टकामका बघतात, त्या बायकांसाठी मी हे लिहितेय. त्यांच्या नवऱ्यांनी वाचलं तर आणखी बरं.

आम्ही भाईंदर पूर्वेला राहायचो. हे काशीमीऱ्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोडाऊनवर सुपरवायझर होते. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाई परभणीकडच्या, बोलायला फटकळ, पण मनाने वाईट नाहीत. सासरे आमच्या लग्नाआधीच वारले होते. दरवर्षी त्यांच्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदन व्हायचं. विहारातले भन्तेजी यायचे, त्रिसरण-पंचशील व्हायचं, आणि मी खीर करायचे. सासऱ्यांना मी फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलेलं. गोल चेहरा, मोठ्या मिशा आणि चकचकीत टक्कल.

ह्यांचे केस मात्र दाट. मला बघायला आले तेव्हा माझी धाकटी बहीण आत येऊन म्हणाली, "ताई, हिरो आहे गं, हिरो!" मलाही आवडले होते ते केस, खोटं कशाला बोलू? पुढे ते रोज झोपताना डोक्याला एक पाण्यासारखं औषध चोळायचे. कोंड्याचं आहे म्हणाले. उशीचे अभ्रे चिकट व्हायचे, मी धुवायचे. कोंडा मला कधी दिसला नाही, पण औषधानेच गेला असेल असं वाटलं.

वर्षभरात पाळी चुकली नाही तशी चौकशी सुरू झाली. आधी घरात, मग मजल्यावर, मग जवळच्या राई गावात दिलेल्या माझ्या नणंदेच्या सासरी. स्टेशनजवळच्या एका डॉक्टरांकडे आम्ही जायला लागलो. त्यांनी ह्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही. सगळ्या तपासण्या माझ्याच.

आधी फॉलिक्युलर स्टडी. म्हणजे पाळीनंतर दिवसाआड सोनोग्राफी करून अंडं किती वाढलं ते बघायचं. पोट भरून पाणी प्यायचं आणि लघवी दाबून बाकावर बसायचं. बाकावर आम्ही सगळ्याच बायका. नवरे एकतर बाहेर पानाच्या टपरीवर, नाहीतर कामावर. मग अंडं तयार व्हायच्या गोळ्या, त्यांनी मला गरगरायचं. मग एचएसजी. त्यात गर्भाशयात नळीने औषध सोडून एक्स-रे काढतात, गर्भनळ्या उघड्या आहेत का ते कळायला. थोडं दुखेल म्हणाले होते. मी टेबलाची कड पकडून ओरडले तेव्हा आतली सिस्टर म्हणाली, "एवढ्यात ओरडलीस तर बाळंतपणात काय करशील?" नळ्या उघड्या निघाल्या.

शेवटी लॅप्रोस्कोपी. भूल देऊन बेंबीपाशी छेद घेतात आणि आत दुर्बीण घालून बघतात. पोटात गॅस भरतात, तो पुढे दोन दिवस खांद्यात दुखत राहतो. शुद्धीवर आले तेव्हा हे कॉटपाशी बसलेले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "माझ्यासाठी किती सोसतेस गं तू." त्या वाक्यावर मी पुढचं वर्ष काढलं. आज आठवलं की अंगाची आग होते.

लॅप्रोस्कोपीतही काही निघालं नाही. ह्यांची तपासणी कुणी सुचवली की सासूबाई म्हणायच्या, "आमच्या घराण्यात कुणाला असलं काय नाय." हे गप्प बसायचे. शेवटी माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला ह्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं आणि बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "आधी मिस्टरांचा रिपोर्ट, मग पुढचं बोलू." तो हा रिपोर्ट.

बाईंनी ह्यांना ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. ह्यांना त्या आठवड्यात घरी यायला उशीर व्हायचा, म्हणून मीच नाक्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदार गुजराती, आमच्या घराला ओळखणारा. गोळ्या पिशवीत घालता घालता म्हणाला, "भाभी, बाबूजी की पेशाबवाली गोली भी ले जाओ ना. इस बार भाईसाब आए नहीं."

"किसके बाबूजी?"

"आपके ससुरजी के. हर महिने तो ले जाते हैं. अब कैसी तबियत है उनकी?"

मी काय म्हणावं? म्हटलं, "ठीक है," आणि तेही पाकीट घेतलं.

घरी आले. चप्पल न काढताच सासऱ्यांच्या फोटोसमोर उभी राहिले. आम्ही इकडे दरवर्षी त्यांचं पुण्यानुमोदन करत होतो आणि तिकडे दर महिन्याला त्यांचं औषध चालू होतं.

हे आल्यावर पाकीट पुढे ठेवलं. "कुणाची आहे?"

आधी म्हणाले साहेबांची. मग म्हणाले मित्राची. मग खुर्चीत बसले. "अगं, केसांची आहे ती. आता केसांच्या गोळीला काय कुणी औषध म्हणतं का?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. केस लग्नाआधीपासूनच जात होते. कोंड्याचं म्हणून जे चोळायचे, ते केस टिकवायचं मिनॉक्सिडिल. ते पुरेना, तेव्हा बोरिवलीच्या एका कातडीच्या डॉक्टरांनी ही फिनास्टेराईड दिली. ही मुळात म्हाताऱ्या पुरुषांच्या प्रोस्टेटची, म्हणजे लघवी अडते त्यावरची गोळी. पुरुषी हार्मोनचा केस गाळणारा जो प्रकार असतो, तो ती कमी करते. ब्लेडने तिचे चार तुकडे करायचे आणि रोज एक घ्यायचा. तरुण माणूस हे का घेतोय असं दुकानदाराने विचारू नये, म्हणून वडिलांचं नाव सांगितलेलं. बाथरूममधल्या फळीवर मला अधूनमधून पांढरी भुकटी दिसायची. मी ती टूथ पावडर समजून पुसायचे.

मी ह्यांना तसंच डॉक्टरबाईंपुढे नेलं. बाईंनी पाकीट बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

"ह्या गोळीमुळेच झालंय असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण काही पुरुषांत हिने शुक्राणू कमी होतात. मुळात कमी असले तर जास्तच. आजपासून बंद. काही महिन्यांनी परत तपासू." मग थांबून त्यांनी विचारलं, "देणाऱ्या डॉक्टरांनी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं?"

मला वाटलं, नाही म्हणतील. माझा सगळा राग मी त्या बोरिवलीच्या डॉक्टरांसाठी राखून ठेवला होता.

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "बोलले होते. मूल हवं असेल तेव्हा बंद करा म्हणून."

"मग?"

"बंद केली की राहिलेले केस पण जातील, असंही बोलले होते."

मी एवढंच विचारलं, "माझी दुर्बीण झाली त्या दिवशी सकाळी घेतली होती?"

ह्यांनी मान डोलावली. घेतली होती.

घरी सासूबाईंना कळलं तेव्हा मला वाटलं लेकाची बाजू घेतील. त्या उठल्या आणि फोटोकडे बोट करून ह्यांच्यावर कडाडल्या, "मेलेल्या बापाला आजारी पाडलंस रे तू? त्यांना टक्कल होतं म्हणून मी काय नांदले नाय?" मग माझ्याकडे न बघताच आत गेल्या. त्या संध्याकाळी चहा त्यांनी केला आणि पहिला कप मला दिला. माफी म्हणून एवढंच मिळालं, पण मिळालं.

गोळी बंद झाली. बोरिवलीचे डॉक्टर खरं बोलले होते, केस भराभर गेले. आणि मग अख्खी बिल्डिंग हळहळली. "भाऊ, काय झालं? टेन्शन घेताय का? आवळ्याचं तेल लावून बघा." मी पोटावर टाके घेऊन जिना चढत होते तेव्हा ह्यांतल्या एकानेही काही विचारलं नव्हतं.

पुढचा रिपोर्ट बरा आला, त्याच्या पुढचा चांगला. मला दिवस गेले आणि मुलगी झाली. लोक म्हणतात, शेवट गोड झाला. मुलगी गोड आहे. बाकीचं मी अजून गिळलेलं नाही.

तेव्हा बायांनो, टेबलावर आडवं होण्याआधी नवऱ्याची तपासणी मागा. ती सोपी असते, भूल लागत नाही. आणि औषध विचारताना टॉनिक, तेल, केसांचं, सगळं नाव घेऊन विचारा. आभार मानायचे तर मी त्या दुकानदाराचे मानते, आणि सासऱ्यांचे. कधी न भेटलेल्या त्या माणसाने आपलं नाव मध्ये घालून मला वाचवलं.

परवा मुलीला आंघोळ घालताना माझा कुर्ता भिजून वर सरकला. तिने बेंबीपाशी, त्या छेदाच्या व्रणावर बोट ठेवलं. "आई, हे काय?"

हे बाहेर आरशासमोर उभे होते. अजूनही कंगवा फिरवतात, सवय आहे.

"तुझ्या बाबांचे केस," मी म्हटलं.

बाहेर कंगवा फळीवर ठेवल्याचा आवाज आला.