जुलेखाचे कान

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. भावांपुढे नाही, मुलांपुढे नाही, आणि जिच्यापुढे पडायला हवी होती तिच्यापुढे तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही. कदाचित म्हणूनच जमेल. मध्ये मध्ये अडखळेन, कारण काही वाक्यं मी मनातसुद्धा पुरी केलेली नाहीत.

मशीनपासून सुरुवात करतो. मशीनबद्दल बोलणं मला सोपं जातं—नेहमीच गेलं.

साठच्या दशकातलं दुबई. एमिरेट्स हे नावही तेव्हा नव्हतं. मी रत्नागिरीकडचा, दुबईच्याच देरा भागात खाडीच्या काठाला लाँचची इंजिनं दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो. तिथल्या कामावर आलेला एक इटालियन इंजिनिअर देशी परतताना त्याचं घरातलं एस्प्रेसो मशीन मला देऊन गेला. उभा चकचकीत बॉयलर, वर स्क्रूचं झाकण, पुढे लांब दांडा. दांडा खाली ओढून सोडला की दाट काळी कॉफी कपात उतरायची, वर तांबूस फेस. आमच्या ओळखीत कुणी असलं काही पाहिलं नव्हतं. गाहवा, म्हणजे त्यांची वेलदोड्याची कॉफी, पिणारे अरब शेजारी पहिला घोट घेऊन हसायचे, आणि दुसरा कप मागायचे.

ते मशीन चालू ठेवणं हाच एक उद्योग होता. पाणी मचूळ, त्यामुळे बॉयलरच्या आत क्षाराची पुटं चढायची. लिंबाचा रस घालून मी ती सोडवायचो. पॅकिंग गेलं की वर्कशॉपमधल्या इंजिनाच्या शीटमधून नवं कापायचो. हीटरची तार एकदा जळली, ती बदलली. दुधासाठी असलेली वाफेची नळी क्षाराने चोंदली, ती शेवटी मी कायमची बंद करून टाकली. वर्कशॉपचा मालक, आमचा अरबाब, लोकांना सांगायचा की या हिंदुस्थानी माणसाच्या हाताला न जुमानणारं यंत्र अजून जन्माला यायचंय. हे ऐकायला मला किती आवडायचं! आवडायचं म्हणजे—त्याची सवय झाली होती.

आता जुलेखाबद्दल.

जुलेखा माझी बायको. लग्नानंतर दोन वर्षांनी मुंबईहून बोटीने आली. घर म्हणजे दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. आल्यावर थोड्याच दिवसांत आळीतल्या मुली तिच्याकडे कुराण शिकायला यायला लागल्या—आपल्या कोकणातल्या, दोन-तीन सिंधी, एक बलुची. दुपारी त्या बाहेरच्या खोलीत पठण करायच्या, आणि ही आत मासे साफ करता करता ऐकायची. एखादीने अक्षर घशातून काढायच्या ऐवजी जिभेवरून काढलं की आतून नाव घेऊन हाक यायची, "परत म्हण." पाचजणी एकदम म्हणत असल्या तरी चुकलेली कोण, हे तिला कळायचं. मला आजतागायत कळलेलं नाही कसं. तिच्या सगळ्या अंगात मला वाटतं कानच हुशार होते, आणि तिला त्याचा अभिमान होता. तसं तिने बोलून कधी दाखवलं नाही, पण हाक मारताना तिच्या आवाजात तो असायचा.

मशीन मी तिला शिकवलं होतं. बॉयलरवर एक छोटा व्हॉल्व्ह होता, त्यावर टोपीसारखी गुंडी. पाणी भरायचं असेल तर आधी बटण बंद, मग फडक्याने गुंडी उचलायची. सूं करून वाफ निघून जायची. तो आवाज पूर्ण थांबला की मगच झाकण उघडायचं. "डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस," मी तिला म्हणालो होतो, "कानांवर ठेव." हे माझेच शब्द.

मग व्हॉल्व्ह गळायला लागला. आतली स्प्रिंग थकली होती. वाफ साठेना, कॉफी पाणचट व्हायला लागली. त्या आठवड्यात अरबाब दोन बड्या व्यापाऱ्यांना घेऊन माझ्या घरी कॉफीला येणार होता. स्प्रिंग इटलीहून मागवायची, म्हणजे महिने जाणार. मी काय सांगणार होतो? मशीन बिघडलंय म्हणून? सांगता आलं असतं. एवढंच तर सांगायचं होतं.

मी व्हॉल्व्हच्या खालचं भोक पितळेचा खिळा ठोकून बुजवलं. वरची गुंडी तशीच बसवली. बाहेरून काही फरक दिसत नव्हता. त्या दिवशी मी मशीनजवळून हललो नाही. प्रेशर जास्त होतंय असं वाटलं की बटण बंद करायचो. कॉफी अप्रतिम झाली. व्यापाऱ्यांनी माझ्या खांद्यावर थापा मारल्या. आणि पाहुणे गेल्यावर—मी खिळा काढला नाही. उद्या काढू म्हटलं. उद्या पुन्हा चांगली कॉफी झाली, तर परवा म्हटलं.

जुलेखाला सांगितलं नाही. विसरलो का? नाही. सांगितलं असतं तर मशीन सुधारलेलं नाही, नुसतं दाबून ठेवलंय, हे तिला कळलं असतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी तिचा मोठा भाऊ दाऊदभाई रास अल खैमाहून आला होता. जेवण झालं, मी दोन कप कॉफी केली, आम्ही बाहेर बोलत बसलो. मशीन चालूच राहिलं होतं. मी आत हाक मारली की अजून एक-एक कप होऊन जाऊ दे, बॉयलरमध्ये पाणी भर. बोलता बोलता, मान न वळवता.

तिने सगळं बरोबर केलं. बटण बंद केलं. गुंडी उचलली. आवाज आला नाही. आवाज नाही म्हणजे वाफ नाही. तिने झाकण फिरवलं.

ती किंचाळली ते मी सांगणार नाही. उकळतं पाणी आणि वाफ उजव्या हातावर, मानेवर आणि कानाखालच्या गालावर आली. दाऊदभाईने तिला उचललं. दवाखान्यात नेईपर्यंत ती एकच वाक्य म्हणत होती, "आवाज नव्हता. मी ऐकलं, आवाज नव्हता."

दवाखान्याच्या बाकावर दाऊदभाईने मला विचारलं की हे झालं कसं. रागाने नाही हो. माणूस घाबरलेला होता. त्या क्षणी खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही होतं. मी म्हणालो, "आवाज होता. मी दाराजवळ होतो, मला बाहेर ऐकू येत होता. तिला ऐकू आला नाही."

दाऊदभाई हळूच म्हणाला, "आमच्या आईचेपण कान लवकर गेले."

झालं. मला पुढे काही करावंच लागलं नाही. माझ्या खोट्याला त्यानेच जागा करून दिली, बिचाऱ्याने, बहिणीच्या काळजीपोटी.

तिचे कपडे आणायच्या निमित्ताने मी घरी आलो आणि आधी तो खिळा काढला. फरशीवर अजून पाणी होतं. त्यात उभा राहून मी काम केलं, आणि खिळा खाडीत टाकला. नेहमीसारखंच सफाईने झालं ते काम. हे मी मुद्दाम सांगतोय.

ती घरी आली, पट्ट्या निघाल्या, तरी तिचं पालुपद तेच—आवाज नव्हता. तेव्हा मी एक केलं. बाकीच्याला भीती म्हणा, भेकडपणा म्हणा. याला काय म्हणायचं ते मला आजही माहीत नाही. मी तिला मशीनपुढे उभं केलं. ती मागे सरत होती. मशीन तापवलं, गुंडी उचलली. सूं झालं.

"ऐकू येतंय?" मी विचारलं.

"येतंय."

"त्या दिवशीपण हेच होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. संशयाने नव्हे. संशय असता तर मी सुटलो असतो. तिने स्वतःच्या कानाला हात लावला.

त्यानंतर दुपारी मुली यायच्या, पण आतून हाक यायची नाही. आता ती त्यांच्याजवळ येऊन बसायची, पुढे वाकून, प्रत्येकीला एकेकटीने म्हणायला लावायची. तरी मध्येच थांबवून मला विचारायची, "तुम्ही ऐकलंत? बरोबर म्हणाली ना ही?" मला त्यातलं काय कळणार? मी हो म्हणायचो. काही महिन्यांनी तिने शिकवणंच बंद केलं. मुलींच्या आया विनवायला आल्या. ती म्हणाली, "अल्लाचं कलाम आहे. माझ्या कानातून चूक निसटली तर गुन्हा माझ्या माथी." मी त्याच खोलीत होतो. आयांसाठी कॉफी करत होतो.

हो, मशीन मी ठेवलं. नवी स्प्रिंग आली, बसवली. पुढे कित्येक वर्षं ते उत्तम चाललं.

ते दशक संपता संपता आम्ही सुट्टीवर मुंबईला गेलो, तेव्हा दाऊदभाईच्या आग्रहाने तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने तपासलं आणि हसून सांगितलं की कान लहान मुलासारखे स्वच्छ आहेत, कधी बिघडलेलेही नाहीत. बाहेर फुटपाथवर आल्यावर ती थांबली. भाजलेल्या गालावरून तिने ओढणी नीट केली आणि विचारलं, "कान ठीक आहेत, तर मग त्या दिवशी काय झालं?"

एवढा सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नाही. तिच्या चेहऱ्यावर आशा होती—ती मला दिसली, मी खोटं बोलणार नाही. तिला आपले कान परत हवे होते. माझ्यापाशी होते ते.

मी म्हणालो, "तुझं लक्ष नसेल."

तिने मान हलवली. "असेल," म्हणाली. आणि आम्ही टॅक्सी शोधायला लागलो.

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. मुलं झाली, नातवंडं झाली. चुलीवर काही ठेवलं की ती तिथून हलायची नाही; आपलं लक्ष राहत नाही, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायची. मुलंही तेच म्हणत मोठी झाली, मम्मी इज केअरलेस. मी त्यांना कधी टोकलं नाही. मागच्या रमजानआधी ती गेली. शेवटचे दिवस शुद्धीत होती, आणि मी रोज तिच्या उशाशी बसायचो. बोलायला वेळ भरपूर होता. मी औषधांचं बोललो, मुलांचं बोललो, हवेचं बोललो.

तिचं लक्ष होतं. तिने ऐकलं होतं, आणि जे ऐकलं ते खरं होतं.