बाबांचा समुद्र

माझ्या सासऱ्यांनी उभा जन्म अकोल्याच्या शाळेत मुलांना समुद्राचं चित्र काढायला शिकवलं, आणि स्वतः समुद्र कधी पाहिला नव्हता. दोन नारळ, एक होडी, मधोमध मावळता सूर्य. झालं चित्र!

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमारास ते आमच्याकडे बोरिवलीला आले. बघता बघता परतायचा आदला दिवस उजाडला. नवरा ऑफिसात. "सूनबाई, तेवढा समुद्र दिसला असता तर..." एवढंच म्हणाले. मी जन्माची बोरिवलीकर. (म्हणजे बोलायला लागले की थांबत नाही.) म्हटलं, "नुसता समुद्र काय बाबा, अख्खी बोरिवली दाखवते!"

आधी मंडपेश्वरची लेणी. नाचणाऱ्या शंकरापुढे बाबा जे उभे राहिले ते हलेचनात. "काय हात चालला असंल बाप्पा या माणसाचा," म्हणाले. डोळे भरून आले होते त्यांचे. मी शेजारी माहिती सांगतच होते. मग जुन्या ख्रिस्ती वस्तीतल्या गल्ल्या, लाकडी जिने, दारापुढचे क्रूस. प्रत्येक घरापुढे माझं भाषण! ऊन कललं तेव्हा कुठे मला समुद्र आठवला.

धावतपळत गोराईची खाडी गाठली. नेमकी ओहोटी. समोर चिखल, पुढे पाण्याची पट्टी. बाबांनी बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाले, "चांगला आहे. चला, निघू."

"अहो बाबा, ही खाडी आहे! समुद्र पलीकडे!"

"असू दे पोरी. मला एवढा पुरे."

त्यांना पटवायला हातवारे करत मागे सरकले ती थेट गुडघाभर चिखलात! नव्या साडीची वाट लागली, चपला खाडीनेच ठेवून घेतल्या. पलीकडे नेणाऱ्या होडीवाल्याने मला मुळ्यासारखं उपटून होडीत टाकलं. बाबा मागोमाग फळीवरून ऐटीत चढले.

पलीकडे टांगा करून किनारा गाठला. सूर्य टेकायलाच आला होता. बाबा पाण्याच्या कडेला गेले. लाट पायांवरून आली आणि गेली.

"अगं," ते म्हणाले, "हा तर हलतो."

दिवसभरात पहिल्यांदाच मी गप्प झाले. लहानपणापासून बघतेय हा समुद्र, पण एवढा मोठा कधी वाटला नव्हता.

"सूनबाई, समोर पलीकडे काय आहे?"

(वसई उजव्या हाताला. समोर थेट अरबस्तान!)

"वसई," तोंडाला आलं ते नाव मी ठामपणे सांगितलं.

बाबांनी डोळे मिटून वसईला हात जोडले.