ओतिलियाने माश्यांना जेवू घातलं

वाल्पाराइसोच्या टेकडीवर, बंदराकडे तोंड करून एक प्रयोगशाळा आहे. तिथे ओतिलिया माश्यांचा स्वयंपाक करते. हसू नका. पिकल्या केळ्यावर घिरट्या घालतात ना, त्या चिलटांएवढ्या माश्या. त्यांच्यासाठी रोज सकाळी मक्याचं पीठ, काकवी, यीस्ट आणि चायनाग्रास मोठ्या पातेल्यात रटरटतं. मग ते काचेच्या नळ्यांत ओतायचं, वर कापसाचं बूच. सगळे तिला तिया म्हणतात, म्हणजे मावशी. तिच्या हातची लापशी खाऊन माश्यांच्या किती पिढ्या गेल्या, हे माश्यांनाही ठाऊक नसेल.

तिथेच शिकणारी मियाराय म्हणजे अंगावर मांस नाही आणि डोक्याला विसावा नाही अशी मुलगी. दोन वर्षं खपून तिने माश्यांची एक जात जोपासली होती. माशीचा मेंदू खसखशीएवढा, पण त्यात पेशी नाना प्रकारच्या. त्यातल्या एकाच प्रकारच्या पेशी, त्यांच्यातल्या एका जनुकाच्या खुणेवरून, या जातीत हिरव्या दिसत आणि जाग्या झाल्या की उजळत. मियारायचं म्हणणं असं, की नाकाला आलेला वास पायांपर्यंत पोचवतात त्या याच. व्हिनेगरचा वास आला की याच सांगतात, चला, तिकडे खायला आहे. शनिवारी प्रयोगशाळेचे प्रमुख एवारिस्तो सर ते बघणार होते. दिसलं तर काम पुढे. नाही दिसलं तर ती जात शीतकपाटात, म्हणजे कायमची थंड.

शुक्रवारी संध्याकाळी पातेली घासताना ओतिलियाला मियारायच्या माश्यांच्या नळ्या दिसल्या. आत नुसतं पाणचट चायनाग्रास, ना काकवी, ना पीठ. काळजीपायी पोरीला स्वतः जेवायचं सुचत नाही, तिथे माश्यांचं काय सुचणार, असं तिला वाटलं. तिने साखरपाणी केलं, प्रत्येक बूच त्यात बुडवून पिळून परत बसवलं, माश्या चोखायला लागलेल्या बघितल्या आणि समाधानाने घरी गेली.

शनिवारी माश्यांसमोर व्हिनेगर ठेवलं. माश्या जागच्या हलल्या नाहीत. पाय चोळत बसल्या, मेजवानीनंतर पाहुणे बसतात तशा. सूक्ष्मदर्शकाखालीही हिरव्या पेशी मंदच राहिल्या. सरांनी वही मिटली. मियारायने ट्रे उचलला.

"जातच बिघडली, तिया. शीतकपाटाचं दार उघडतेस?"

ओतिलिया दारासमोर उभी राहिली ती उभीच. "अगं, त्या कशाला पळतील? जेवून बसल्यात बिचाऱ्या."

"काल दुपारपासून उपाशी ठेवल्यात मी. मुद्दाम."

"मुद्दाम?" ओतिलियाचा चेहरा पडला. मग तिने साखरपाण्याचं सगळं सांगून टाकलं, बुचं पिळल्यासकट.

मियाराय मटकन स्टुलावर बसली. रडते की हसते कळेना, बहुधा दोन्ही. सरांनी चष्मा काढून पुसला आणि गंभीरपणे विचारलं, "ओतिलिया, आयुष्यात कुणाला उपाशी राहू दिलंस का कधी?"

"नवऱ्याला, एकदा. त्याची लायकीच ती होती."

एवढं झाल्यावर कोण रागावणार? सर म्हणाले, आता खाल्लेल्या आणि उपाशी, दोन्ही माश्या शेजारी ठेवून बघू. मियारायने नवी तुकडी उपाशी ठेवली. ओतिलियाला त्या खोलीत यायची बंदी झाली, ती तिने कुरकुरत पाळली.

सोमवारी उपाशी माश्या वास येताच व्हिनेगरकडे धावल्या. मियारायने ओतिलियाला ओढतच सूक्ष्मदर्शकाशी आणलं. काळोखात हिरवे ठिपके होते. वासाची झुळूक सोडली आणि ते फुंकर घातलेल्या निखाऱ्यांसारखे उजळले. मग पोट भरलेल्या माशीचा मेंदू दाखवला: ठिपके तेच, जागा तीच, वास तोच, पण निखारा निवांत.

"म्हणजे नाकाने सांगितलं," ओतिलिया डोळा न हलवता म्हणाली, "पण पोट म्हणालं, राहू दे."

"आणि ते ऐकणाऱ्या पेशी याच," मियाराय म्हणाली. "तुझ्या साखरपाण्याशिवाय मला हे सुचलंच नसतं."

"मग बघ," सर म्हणाले, "जात राहणार. आता हे निदान दहा वेळा करून दाखव."

ओतिलियाने ट्रे दोन्ही हातांनी उचलला आणि उबदार कपाटात ठेवला. तिथून ती पुटपुटत वळली ती थेट मियारायकडे, एका हातात पाव, दुसऱ्यात टोमॅटो-मिरचीची चटणी. "तुझा उपास कुठल्या प्रयोगासाठी आहे, ते सांग. नाहीतर खा."

मियारायने खाल्लं.