फायफोच्या मागावर

तुरानहून फायफोला जाणाऱ्या बसमध्ये माणसांइतकीच बदकं होती. एका बाईने न विचारता बदकांची टोपली सावंतच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः ऐसपैस बसली. सावंतने ती निमूट धरली.

"कांबळे, आमच्या कणकवलेच्या गाडीत कोंबे असतत, हय बदकां. बाकी काय्यक फरक नाय," तो म्हणाला.

लढाई थांबल्यावर दोन्ही बाजू कराराप्रमाणे वागतात की नाही हे पाहायला जे आंतरराष्ट्रीय मंडळ व्हिएतनामात बसलं होतं, त्याच्या तुरानच्या कचेरीत मी टायपिस्ट होतो आणि सावंत भांडारात कारकून. मी परळचा, तो लालबागचा. दोघांचेही वडील गिरणीत राबलेले. त्याचे विणाई खात्यात, माझे कताई खात्यात.

आता यातली गोम सांगितली पाहिजे. मागावर धोटा असतो, होडीसारखा लाकडी, त्याच्या पोटात सुताची कांडी. कांडी बदलली की धोट्याच्या भोकाला ओठ लावायचे आणि श्वासाने सूत बाहेर ओढायचं. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी लागायचा, म्हणून आमच्या जातीच्या माणसांना विणाई खात्यात घेत नसत. पगार तिथे जास्त, त्यामुळे दारही तिथलंच घट्ट. बाबांनी तीस वर्षं ते खातं दारातून पाहिलं. आम्ही दीक्षा घेतली, बौद्ध झालो, पण विणाई खात्याच्या दाराला ते कोणी कळवलं नव्हतं. मी इकडे यायला निघालो तेव्हा बाबा म्हणाले, "तिकडं घरोघरी माग असतात म्हणे. एकदा चालवून बघ. आणि मला लिही."

सहा महिने झाले तरी मी माग पाहिलाही नव्हता. फायफोत रेशीम विणतात असं कळलं तेव्हा पुढचाच रविवार धरला.

वाटेत वाळूची माळरानं, मग भाताची खाचरं, आणि मध्येच सपाट जमिनीतून एकदम वर आलेले पाच दगडी डोंगर. फायफो आलं ते नदीच्या वासाने. गावाचं त्यांचं नाव होइ आन. एके काळी इथे जपानी, चिनी, वलंदेज (डच) सगळ्यांची गलबतं लागायची. मग नदी गाळाने भरली आणि व्यापार तुरानला गेला. गाव मात्र तसंच राहिलं. पिवळ्या भिंतींची बुटकी घरं, शेवाळलेली कौलं, पुढे दुकान आणि मागे नदी. मला गाव पाहताक्षणी आवडलं. आमच्या चाळीत रविवारी दुपारी असते तशी निवांत झोप तिथे सकाळी नऊलाच उतरलेली होती.

काठावरच्या होड्यांना नाळेवर दोन्ही बाजूंनी डोळे रंगवलेले असतात, वाट दिसावी म्हणून. सावंत एकीचे डोळे जवळून बघायला उतरला आणि घोट्यापर्यंत चिखलात गेला. होडीतल्या म्हाताऱ्याने त्याला हात देऊन वर घेतलं आणि आपल्या लोट्यातून त्याच्या पायांवर पाणी ओतलं.

"आन दो?" म्हाताऱ्याने विचारलं. (म्हणजे हिंदुस्थानचे का?)

"मुंबई," मी म्हणालो.

"महाराष्ट्र," सावंतने दुरुस्ती केली. नकाशावर असं राज्य अजून नव्हतं. घरच्या पत्रांतून मोर्चे, लाठीमार, तुरुंग यांच्याच बातम्या येत होत्या. पण फायफोच्या धक्क्यावर सावंतने ते राज्य मुंबईसकट स्थापन करून टाकलं, आणि म्हाताऱ्याने मान डोलावून मान्यताही दिली. दिल्लीपेक्षा हा शहाणा, असं सावंतचं मत पडलं.

पुढे जपान्यांनी बांधलेला पूल लागला. त्याला घरासारखं छप्पर, एका टोकाला दगडी कुत्रे आणि दुसऱ्या टोकाला माकडं राखणीला. पुलाच्या मध्येच एक देऊळ. आम्ही त्या सावलीत बराच वेळ नुसते बसून होतो. मग बाजारात काव लाउ (जाड शेवया, वर डुकराचं मांस आणि पाला) खाल्लं. सावंतने मांस माझ्या वाडग्यात टाकलं आणि माझ्यातला पाला उचलून घेतला. आमची तशी रीतच होती. एका खोलीत राहायचो, एका ताटात जेवायचो, शिवाशीव त्याच्या गावी नव्हती. नुओक माम (मासे मुरवून काढलेलं खारं पाणी) मात्र त्याने घोटभर प्यायलं आणि आईच्या आठवणीने हळवा झाला. तिच्या सुक्या बांगड्यालाही असाच वास, म्हणाला.

दुपारी एका गल्लीतून खटखट ऐकू आली. सावंत जागीच थांबला. "माग," तो म्हणाला. मी आवाजाच्या दिशेने पुढे झालो.

ओसरीवर एक सत्तरीची आजीबाई लाकडी मागावर पिवळं रेशीम विणत होती. दात काळे कुळकुळीत, तिथे तशी जुनी रीत आहे. आम्ही खुणेनेच विचारलं, चालवून बघू? ती हसली आणि बाजूला सरकली. नवी कांडी धोट्यात बसवली, भोकाला ओठ लावून सूत ओढलं, पुन्हा आत ढकललं आणि 'आता तुम्ही' म्हणून धोटा पुढे केला.

सावंत आधी बसला. तिच्या हातातून धोटा घेऊन थेट तोंडाला लावला, चुटकीसरशी सूत ओढलं आणि बापाचा मुलगा शोभेल असे दहा-बारा फेरे मारले. मग मला जागा दिली. सूत मुद्दाम आत ढकलून म्हणाला, "ओढ."

मी ओठ लावले. पहिल्या दमात नुसती हवा आली, दुसऱ्या दमात सूत जिभेवर आलं. मग पायाखालची फळी दाबली, धोटा फेकला, फणी ओढली. एक धागा बसला. मग दुसरा, तिसरा. वेडावाकडा होता, पण मी विणलेला होता. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या नादात मी धोटा जोरात फेकला. सूत तुटलं.

"आण हकडे," म्हणत सावंतने धोटा घेतला, शर्टाच्या बाहीला पुसला आणि तोंडाकडे नेला.

तिथेच त्याचा हात थांबला. आजीबाईच्या तोंडचा धोटा त्याने पुसला नव्हता. ते त्यालाही कळलं, मलाही कळलं. सहा महिने एका ताटात जेवलेला माणूस!

"हात आपसूक गेलो रे," तो पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते.

"तुझा नाही गेला. तुझ्या वडिलांचा गेला," मी म्हणालो. मला राग लपवता आला नाही, आणि लपवायचाही नव्हता.

त्याने धोटा माझ्यापुढे धरला. "तू ओढ."

मी ओढलं. सूत बाहेर आलं. त्याने ते बोटाने परत आत ढकललं, धोटा तसाच तोंडाला लावला आणि ओढलं. मग पुन्हा आत ढकलून माझ्याकडे दिला. मी ओढून त्याला दिला. आजीबाईला वाटलं, ही दोन धटिंगणं तिच्या रेशमाशी खेळतायत. तिने आमच्या हातातून धोटा हिसकावला, दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला आणि आम्हाला ओसरीवरून घालवून दिलं. गल्लीच्या टोकापर्यंत आम्ही हसत होतो.

परतीच्या बसमध्ये खिडकीतून वारा येत होता, खाचरांतून म्हशी घरी निघाल्या होत्या. मन शांत होतं. राग उरला नव्हता असं म्हणणार नाही, पण तो आता एकट्या माझ्याकडे नव्हता.

खोलीवर येताच बाबांना लिहायला बसलो. गाव कसं, पूल कसा, मी माग कसा चालवला, सगळं लिहिलं. सावंतने पत्र मागून घेतलं, वाचलं.

"शर्टाचां लिवलंस नाय."

"कशाला लिहायचं?"

"लिव. नायतर तुझ्या बापसाक खरां वाटाचा नाय."

मी लिहिलं. त्याने पुसलं तेही, नंतर पुसलं नाही तेही.

महिन्याभराने बाबांचं उत्तर आलं, शेजारच्या मास्तरांच्या अक्षरात. सगळे खुशाल असल्याचं होतं, आईने सांगितलेले निरोप होते. शर्टाबद्दल एक अक्षर नव्हतं. शेवटी बाबांनी एवढंच विचारलं होतं: "ओढल्यावर सूत तोंडात कसं लागतं, ते लिहिलं नाहीस."